मुकादमांच्या एक्केचाळीस पाट्या

मुकादम चालत असताना त्यांच्याशी बोललं तर ते ऐकतात, मान डोलावतात, हसतातसुद्धा. पण पाऊल बदलत नाहीत. एकतीस वर्षं ते रेल्वेच्या लाकडी स्लीपरांवरून चालले. दोन स्लीपरांमधलं अंतर ठरलेलं, त्यामुळे पाऊलही ठरलेलं. रूळ उखडून नेले त्याला आता सहा वर्षं झाली, स्लीपर कुणाकुणाच्या बंबात गेले, पण मुकादमांचं पाऊल काही लांबलं नाही की आखडलं नाही. भाजी आणायला निघाले तरी तेच माप. त्यांची बायको म्हणते, "अहो, बाजारात कुणी रूळ टाकलेत का? जरा माणसासारखं चाला की!"

आमची लाइन छोटी होती. तळ्याकाठच्या खालच्या स्टेशनापासून जंगलातून वळणं घेत डोंगरावरच्या वरच्या स्टेशनापर्यंत, चौदा किलोमीटर. खाली लाकूड यायचं, वर हवापालटाला आलेली माणसं जायची. मुकादम सकाळी सहाला हातोडी आणि पाना घेऊन खालून निघत. ढिला बोल्ट आवळ, खचलेली खडी सावर, आडवी पडलेली फांदी ओढून बाजूला टाक, असं करत साडेअकरापर्यंत वर पोचत. तिथे डबा खात आणि एकच्या गाडीने परत येत. परत येताना त्यांची जागा ठरलेली होती. शेवटचा गार्डाचा डबा, त्याच्या मागचा उघडा सज्जा, आणि तिथे पाय खाली सोडून मागे तोंड करून बसलेले मुकादम. "केलेलं काम डोळ्यांसमोरून जाताना बघायला बरं वाटतं, भाऊसाहेब," असं मला म्हणायचे. मी हेडक्लार्क, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात. वयाने आम्ही बरोबरीचे.

लाइन बंद झाली तेव्हा बाकीच्यांनी दुसरीकडे बदल्या घेतल्या. मुकादम गेले नाहीत. त्या जागेवर लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांसाठी मार्ग करायचं ठरलं आणि त्यासाठी आमचं कार्यालय उघडलं, तेव्हा पहिला अर्ज त्यांचा होता. खरं तर अर्जात लिहिण्यासारखं त्यांच्याकडे फार नव्हतं. 'सायकल चालवता येते का' या प्रश्नापुढे त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं होतं आणि खाली एक ओळ जोडली होती: 'पण लाइन येते.' साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि त्यांना मार्गरक्षक म्हणून घेतलं.

कल्पना चांगली होती, हे मला कबूल केलं पाहिजे. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून जुन्या लोकांनी डोंगराला वळसे घालून घालून अगदी हलका चढ ठेवलेला. सामान लादलेल्या सायकलवाल्याला याहून काय हवं? एका हाताला दाट झाडी, दुसऱ्या हाताला अधूनमधून तळं, मध्ये दोन बोगदे आणि चौदा किलोमीटरमध्ये एकही मोटार नाही. गाड्यांचा रस्ता डोंगराच्या पलीकडच्या अंगाने जातो. त्यावर लाकडाचे ट्रक असतात, आणि त्या ट्रकवाल्यांना सायकल दिसते की नाही याबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे.

आमचं कार्यालय म्हणजे जुनं खालचं स्टेशन. साहेब वेटिंग रूममध्ये बसतात. माझं टेबल तिकीटघरात आहे. खिडकीची गोल जाळी अजून तशीच आहे, त्यामुळे कुणी काम घेऊन आलं की आधी वाकतं. मुकादमांचं घर लागूनच, पाण्याच्या टाकीखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॉट, भिंतीला एक कपाट आणि दारामागे खुंट्यांवर त्यांची हत्यारं, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. मागच्या खोलीत चूल आणि उरलेली सगळी जागा चादरींनी भरलेली. मुकादमीणबाई तळ्याकाठच्या विश्रामगृहाच्या चादरी धुतात, इस्त्री करतात आणि सायकलवरून पोचवतात. त्यांच्या सायकलचं मागचं कॅरिअर लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेलं आहे. त्यावर चाळीस चादरी बसतात. मुकादमीणबाई काटक आहेत, बोलायला पुढे आहेत आणि सायकलवर त्या बसल्या की चढ आहे की उतार हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

मार्गाची डागडुजी पाच वर्षं चालली होती. मुरूम पसरून झाला, रोलर फिरवून झाला, बोगद्यातलं पाणी काढून दिलं. शेवटचं काम पाट्यांचं होतं, आणि ते मुकादमांनी जिवापाड केलं. जंगलात जागोजागी वाटा फुटतात. कुठे लाकूडतोड्यांची पायवाट, कुठे जुन्या सायडिंगची, म्हणजे बाजूला काढलेल्या जादा रुळांची, जागा. परक्या माणसाला घोटाळा व्हायला नको म्हणून प्रत्येक फाट्याला लाकडी पाटी, तिच्यावर पिवळा बाण, पुढच्या ठिकाणाचं नाव आणि अंतर. एक्केचाळीस पाट्या. अक्षरं त्यांनी स्वतः काढली. पाणी लागून लाकूड कुजू नये म्हणून मागच्या बाजूला डांबराचे दोन हात दिले. मी प्रत्येक पाटीची नोंद रजिस्टरात केली: क्रमांक, जागा, मजकूर, लाकडाचा प्रकार, लांबी, रुंदी, लावल्याची तारीख. साहेबांनी जीपमधून जाऊन दोन-तीन पाट्या पाहिल्या आणि मुकादमांच्या पाठीवर थाप मारली.

आता राहिली होती तपासणी. लांबच्या सफरी करणाऱ्या सायकलवाल्यांचा एक महासंघ आहे. दरवर्षी ते मार्गांची पुस्तिका काढतात, आणि त्यात ज्या मार्गापुढे 'वाहनमुक्त' असा शिक्का असतो तिथे माणसं दूरदूरहून येतात. आमच्या मार्गात खालचे पाच किलोमीटर तळ्याच्या काठाकाठाने आहेत, त्यांचं काही अडलं नव्हतं. प्रश्न होता वरच्या नऊ किलोमीटरचा. साहेबांना वरून पत्र आलं होतं. महासंघाने वरचा भाग मान्य केला तर ठेवा, नाही केला तर तो जंगल खात्याला परत करा आणि सायकलवाल्यांना वरच्या स्टेशनापासून गाड्यांच्या रस्त्याने खाली आणा. म्हणजे ट्रकबरोबर.

मुकादमांना मी ते पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "परत करा म्हणजे?"

"म्हणजे देखभाल बंद. तुम्ही फक्त खालचे पाच किलोमीटर बघायचे."

"आणि वरची लाइन?"

"वरच्या लाइनीवर झाडं येतील, मुकादम."

जाळीतून हात घालून त्यांनी माझ्या टेबलावरचं पत्र सरळ केलं, कडेला लावून ठेवलं आणि गेले. त्या आठवड्यात ते रोज वर जात होते. एका दिवशी तर त्यांनी बोगद्याच्या तोंडाशी उगवलेलं गवत कात्रीने कापलं, असं जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. दुपारी तोच त्यांना वरून जीपमध्ये घालून, गाड्यांच्या रस्त्याने, परत आणत असे. गाडी बंद झाल्यापासून त्यांची परतीची सोय तीच होती.

तपासनीस बाई बुधवारी येणार होत्या. आम्ही स्टेशन झाडून घेतलं, साहेबांनी नवा शर्ट घातला, मुकादम दाढी करून सकाळी सातपासून प्लॅटफॉर्मवर उभे. दहा वाजले, अकरा वाजले, बाई नाहीत. बारा वाजता साहेब म्हणाले, "तार-बीर काही आली नाही ना?" मी म्हटलं, "साहेब, आता तार येत नाही." त्यावर ते आत जाऊन बसले.

दीड वाजता बाई आल्या. पण आल्या त्या तळ्याकडून नाही, जंगलातून नाही, तर मागच्या बाजूने, गाड्यांच्या रस्त्याने. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या आणि अंगावर पायापासून भुवयांपर्यंत ट्रकची धूळ. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, नळावर तोंड धुतलं आणि विचारलं, "मार्गाचं काम कोण बघतं?"

मुकादम पुढे झाले. "मी, बाई."

"काका, तुमच्या मार्गावर पाट्या का नाहीत?"

मुकादमांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पाट्या नाहीत? बाई, एक्केचाळीस पाट्या आहेत!"

"फळ्या आहेत," बाई म्हणाल्या. "काळ्या. मी मोजल्या नाहीत, पण पुष्कळ आहेत. पहिल्या दोन दिसल्या तेव्हा वाटलं, शाळा जवळ आहे."

"काळ्या?"

"तिसरीला मी थांबून मागे वळून पाहिलं. तिकडून बाण होता. सुंदर बाण होता. मी जिथून आले तिकडे जायला सांगत होता."

बाई पलीकडच्या खोऱ्यातून डोंगर ओलांडून आल्या होत्या, म्हणजे वरच्या स्टेशनावरून मार्गाला लागल्या होत्या. सायकलवरून दूरची सफर करणारा माणूस कुठूनही येऊ शकतो. आम्ही मात्र सगळे तळ्याकडचे. आमचं कार्यालय खाली, घरं खाली, बाजार खाली. आमच्या लेखी मार्ग खाली सुरू होतो आणि वर संपतो. मुकादमांनी एक्केचाळीस पाट्या चढणाऱ्या माणसासाठी लावल्या, मी एक्केचाळीस नोंदी केल्या, साहेबांनी थाप मारली, आणि उतरणाऱ्याला काय दिसेल हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या रजिस्टरात सात रकाने होते. 'तोंड कुठे' असा रकाना नव्हता.

"तरी मी रेटून येत होते," बाई म्हणाल्या. "पण दुसऱ्या बोगद्याच्या खाली जो फाटा आहे ना, तिथे फसले. सरळ गेले ती दगडाच्या खाणीत, आणि खाणीतून ट्रकच्या रस्त्यावर."

"दुसऱ्या बोगद्याखाली फाटा नाही, बाई," मुकादम म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका वेळ नसलेला ठामपणा आला. "तिथे खाणीची सायडिंग येऊन मिळते."

"वरून येताना ती मिळत नाही, काका. फुटते."

मुकादमांनी हवेत दोन बोटं धरली, एकमेकांना टेकवली, मग हात उलटा करून बघितला. एकतीस वर्षं जी जागा त्यांच्यासाठी दोन वाटा एक होण्याची होती, तिथे एकीच्या दोन होत होत्या. रूळ होते तेव्हा काळजी नव्हती. रूळ जुळवणारा काटा लावलेला असायचा आणि गाडी आपोआप बरोबर जायची. आता काटा नव्हता, काटेवाला नव्हता, आणि पाटीही नव्हती.

साहेबांचा नवा शर्ट घामाने चिकटला होता. "म्हणजे नामंजूर?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मागच्या चाकाकडे पाहिलं. "माझं मागचं टायर तुमच्या खाणीत फाटलंय. नवीन यायला तीन दिवस लागतील. शनिवारी सकाळी मी पुन्हा वरून उतरेन. तेव्हा जर मला कुणालाही काही न विचारता खाली येता आलं, तर मंजूर. नाही आलं तर फॉर्मवर जे आहे ते लिहावं लागेल." मग जरा नरमून म्हणाल्या, "मार्ग छान आहे हो. पण मी तो पुरता पाहिलाच नाही."

संध्याकाळी मी मुकादमांच्या घरी गेलो तर ते कॉटवर बसून होते आणि मुकादमीणबाई चादरींच्या घड्या घालता घालता त्यांचा समाचार घेत होत्या.

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षं हा माणूस रोज वर जातो आणि रोज खाली येतो. पण खाली येताना याचं तोंड वर! विचारा, विचारा यांना, भाऊसाहेब, कधी पुढे बघून खाली आलात का म्हणावं."

"गार्डाच्या डब्यात मागेच बसायला जागा असते," मुकादम पुटपुटले.

"आणि जीपमध्ये?"

"जीप त्या रस्त्याने येते."

"म्हणजे उतरताना आपली लाइन कशी दिसते ते तुम्हाला ठाऊकच नाही?"

"नाही," मुकादम म्हणाले. असा सरळ 'नाही' त्यांनी अर्जानंतर पहिल्यांदाच दिला असावा.

मी म्हटलं, "पाट्यांच्या मागच्या बाजू रंगवून टाकू. एक दिवसाचं काम."

"तेवढ्याने नाही भागणार, भाऊसाहेब. खाणीच्या जागी पाटीच नाही. अशा आणखी जागा असतील. चढताना मिळणाऱ्या वाटा मी कधी मोजल्याच नाहीत. आणि सायकलवाला वेगात येतो, त्याला पाटी कुठून दिसेल, तो कुठे ब्रेक लावेल, मला काय कळणार? मी चालणारा माणूस."

मुकादमीणबाईंनी शेवटची चादर ठेवली. "मला कळेल," त्या म्हणाल्या. "उद्या चादरी नाही पोचल्या तर लोक काही उघड्यावर झोपत नाहीत. जीपवर माझी सायकल टाका. मी चालवते, तुम्ही मागे बसा."

"मागे? कुठे?"

"कॅरिअरवर. चाळीस चादरी बसतात, एक मुकादम बसेल."

गुरुवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर जीपने वर गेलो. नोंदी करायला कुणीतरी हवं होतं, आणि साहेबांनी मला 'तुम्ही जाच' असं अशा स्वरात सांगितलं होतं की त्यात रजिस्टराच्या सात रकान्यांचा उल्लेख न करता झालेला होता. मी ड्रायव्हरची सायकल घेतली. मुकादमीणबाई आपल्या सायकलवर बसल्या, पदर खोचला, आणि मुकादम सवयीप्रमाणे कॅरिअरवर बसले ते मागे तोंड करून.

"अहो!"

"काय झालं?"

"तोंड कुठे तुमचं?"

मुकादमांनी इकडेतिकडे पाहिलं. मी समोर उभा होतो, त्यांना मी दिसत होतो, वरचं स्टेशन दिसत होतं. त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "पुढे करा! पुढे!" मुकादमीणबाई ओरडल्या. तेव्हा ते उतरले, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले आणि बायकोच्या खांद्याला त्यांनी असं धरलं की ड्रायव्हर तोंड फिरवून हसू लागला.

पहिला किलोमीटरभर मुकादमांनी डोळे मिटले होते. हे मी मागून पाहिलेलं नाही, मुकादमीणबाईंनी मानेवरच्या श्वासावरून ओळखलं आणि मला ओरडून सांगितलं. पुढे मात्र त्यांनी डोळे उघडले आणि मग त्यांचं तोंडही उघडलं.

"हे कुठलं वळण?"

"तुमचंच."

"हे माझं नाही. माझ्या वळणावर मोठं सागाचं झाड आहे."

"मागे बघा."

मागे बघितलं की साग असायचा. पुन्हा पुढे पाहिलं की परकं जंगल. असं चौदा किलोमीटर चाललं. जिथे वाट फुटायची तिथे मुकादमीणबाई स्वतःला आवडेल तशी सायकल जाऊ देत, मुद्दाम बावळटासारखी. ती जिकडे वळेल तिकडे वळू देत, आणि चुकली की खुशीत ओरडत, "चुकले! लिहा, भाऊसाहेब!" मी लिहीत होतो. एकूण आठ ठिकाणी चुकल्या. त्यातल्या सहा जागा मुकादमांच्या हिशेबी फाटेच नव्हते. पाटी कुठे रोवायची यावरून दोघांचं प्रत्येक ठिकाणी भांडण झालं. मुकादमांना पाटी फाट्यावर हवी, कारण फाटा तिथे आहे. मुकादमीणबाईंना ती वीस पावलं आधी हवी, कारण "तुमचा फाटा येईपर्यंत मी पुढे गेलेली असते हो!" शेवटी पावलं मुकादमांनी मोजायची आणि कुठे थांबायचं ते बाईंनी सांगायचं, असं ठरलं. ते ठरल्यावर काम भराभर झालं.

खाणीच्या जागी मात्र भांडण झालं नाही. खाणीकडची वाट सरळ, रुंद आणि मोहात पाडणारी. आपला मार्ग डावीकडे, झाडांच्या आत, अरुंद. त्या सकाळी धुकं होतं, त्यामुळे खाणीकडे पुढे काय आहे ते दिसतही नव्हतं. "मीसुद्धा सरळच गेले असते," मुकादमीणबाई हळूच म्हणाल्या. तिथे दोन पाट्या लावायचं ठरलं, एक लांबून दिसणारी आणि एक अगदी तोंडाशी.

पाट्या उपटून खाली आणल्या आणि गुरुवारची दुपार व शुक्रवारचा बहुतेक दिवस प्लॅटफॉर्मवर रंगकाम चाललं. डांबर खरवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मुकादमांनी ते इतकं मन लावून फासलं होतं की निघता निघेना. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः चार पाट्या खरवडल्या. त्यातली एक त्यांनी पुढच्या, रंगवलेल्या बाजूने खरवडली आणि पुसला गेला तो बाण, पण त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शेवटची पाटी रोवून झाली.

शनिवारी मार्गावर कुणी थांबायचं नाही, असा नियम होता. पण मुकादमांना राहवेना. "खाणीपाशी फक्त बघतो. झाडाआड. हूं की चूं करणार नाही. तुम्ही बरोबर चला, भाऊसाहेब, मी बोलायला लागलो तर माझं तोंड धरा." नियम मोडायची मला सवय नाही, पण तोंड धरायला कुणीतरी हवंच होतं.

आम्ही फाट्यापासून तीस पावलांवर एका जाड बुंध्यामागे उभे राहिलो. नऊच्या सुमारास बोगद्यातून घंटी ऐकू आली. बाई वेगात आल्या, पहिली पाटी दिसताच त्यांनी ब्रेक लावला, दुसऱ्या पाटीपाशी थांबल्या. मुकादमांनी माझा दंड पकडला. बाईंनी पाटी वाचली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सायकलवरून उतरल्या आणि ती हातात धरून चालू लागल्या. सरळ, खाणीकडे.

मुकादमांच्या घशातून आवाज निघाला. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

बाईंनी थोडं पुढे जाऊन सायकल झुडपाला टेकवली, इकडेतिकडे बघितलं आणि झुडपापलीकडे गेल्या.

आता मात्र आमच्या ध्यानात आलं. बाईमाणूस, एकटी, सकाळची वेळ, झुडूप. आम्ही दोघे साठीला टेकलेले गृहस्थ झाडाआड लपून बघतोय! मी म्हटलं, "मुकादम, वळा!" आणि आम्ही दोघे झटकन पाठ करून डोंगराकडे तोंड करून उभे राहिलो. डोंगराकडे बघण्यासारखं काही नव्हतं. एक मुंगळा होता, तो आम्ही बराच वेळ पाहिला.

"आता बघू का?" मुकादमांनी कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मग ती कुठे गेली ते कळणार कसं?"

हा प्रश्न बरोबर होता. तेवढ्यात मागे आवाज आला. खडखड, खडखड, दगडांवरून चाक जाण्याचा. खाणीकडच्या वाटेवर मोठी फोडलेली खडी आहे, तिथे सायकल आपटत जाते. मुकादमांचा चेहरा उतरला. "खाणीत चालली," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. खडखड थांबली. मी डोळे मिटले. मग थोड्या वेळाने, सावकाश, बारीक मुरुमावरून टायर घरंगळण्याचा सुळसुळ आवाज आला. तो मुरूम मुकादमांनी दोनदा चाळून पसरला होता.

"आपल्यावर आली!" मुकादम मोठ्याने ओरडले. आता तोंड धरून उपयोग नव्हता, पण बाई वळणाआड गेल्या होत्या.

तिथून स्टेशन पाच किलोमीटर. जीप नव्हती, म्हणून आम्ही चालतच उतरलो. मुकादम पहिल्यांदाच लाइन पायांनी उतरत होते आणि त्यांचं ठरलेलं पाऊल उतारावर बिघडत होतं. मध्येच लांब पडायचं, मध्येच दोन छोटी. वाटेतल्या प्रत्येक फाट्यापाशी ते वाकून मुरुमावर टायरची खूण बघायचे. "इथे बरोबर वळलीय. इथेही बरोबर. इथे जरा थांबली, बघा, पाय टेकलाय. पाटी अजून चार पावलं मागे हवी होती. ही बरोबर म्हणत होती." 'ही' म्हणजे मुकादमीणबाई. त्यांच्यासमोर त्यांनी हे मान्य केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तपासनीस बाई प्लॅटफॉर्मवर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. शेजारी मुकादमीणबाई, समोर साहेब. साहेब हसत होते. मुकादम जागच्या जागी थांबले.

"या काका," बाई म्हणाल्या. "चौदाच्या चौदा किलोमीटर. कुणालाही काही विचारावं लागलं नाही." त्यांनी फॉर्म पुढे केला. वरच्या भागापुढे 'वाहनमुक्त' लिहिलं होतं, आणि खाली सही होती.

मुकादमांनी हात पँटला पुसले, फॉर्म घेतला आणि माझ्याकडे दिला. "भाऊसाहेब, वाचा." मी वाचला. "पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचला.

"एक सूचना मात्र आहे," बाई म्हणाल्या. "त्या खाणीच्या फाट्यावर, झुडपाच्या पलीकडे, एक बाक ठेवा. तिथून अख्खं तळं दिसतं हो, या काठापासून त्या काठापर्यंत, मधल्या बेटासकट! मी पंधरा मिनिटं नुसती बघत उभी होते. असा देखावा मार्गावर दुसरा नाही. आणि तुम्ही त्याची साधी पाटीसुद्धा लावली नाहीत?"

मी मुकादमांकडे पाहिलं, मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. मी कामाचा कागद शोधायला आत जायला निघालो, पण मुकादमीणबाईंनी अडवलं.

"तुम्ही दोघं आज तिथेच होता ना? मग दिसलं असेल की तळं."

"नाही," मुकादम म्हणाले.

"का?"

"पाठ होती."

मुकादमीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की त्यांनी कप खाली ठेवला. "चढताना पाठ, गाडीत पाठ, आणि आज झाडामागे उभे राहूनही पाठ! अहो, तुम्हाला मुद्दाम शिकवलंय का कुणी?" तपासनीस बाईंना काय झालं ते कळेना, आणि आम्ही दोघांनीही ते त्यांना सांगितलं नाही.

दुपारी त्या पुढच्या मुक्कामाला गेल्या. मी फॉर्मची प्रत काढून वर पाठवली आणि रजिस्टरात आठवा रकाना आखला. पाचच्या सुमारास तिकीटखिडकीतून पाहिलं तर मुकादम नवराबायको निघाले होते. खांद्यावर कुदळ नव्हती, हातात हातोडी नव्हती. मुकादमीणबाई सायकल हातात धरून चालत होत्या, कारण ते चालत होते.

साहेब दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "मुकादम, आज पुन्हा वर?"

"बाकाची जागा बघायला, साहेब."

"उद्या बघा की. आज दमला असाल."

"उद्या पुन्हा धुकं असलं तर?" मुकादम म्हणाले, आणि चालू लागले.